कोंबडीची टोचाटोचीची जखम पुन्हा पुन्हा का उघडते: लक्षणे, तपासण्या आणि घरचा उपचार

परसात आठ-दहा कोंबड्या असलेल्या बहुतेक घरांत हा प्रसंग कधी ना कधी येतोच. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरत असताना एकीच्या शेपटीच्या मुळाशी पिसे नसलेला लाल चट्टा दिसतो, त्यावर हळद लावली जाते, दोन दिवसांत खपली धरते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तीच जागा पुन्हा रक्ताळलेली दिसते. माझ्या स्वतःच्या खुराड्यात आणि शेजारपाजारहून दाखवायला आणलेल्या कोंबड्यांत मी ही तक्रार वर्षानुवर्षे हाताळत आले आहे. जखम भरून आणणे त्या मानाने सोपे असते. ती भरेपर्यंत आणि भरल्यावरही इतर कोंबड्यांची चोच त्या जागेवर पडू न देणे, हे खरे काम आहे. म्हणून येथे औषधाइतकीच जागा कारणाच्या शोधाला दिली आहे.

लक्षणे आणि जखमेची जागा

टोचाटोचीची सुरुवात सहसा रक्ताने होत नाही. आधी पिसे विस्कटलेली, मधूनच तुटलेली दिसतात, मग शेपटीजवळ किंवा दोन पंखांच्या मधोमध रुपयाएवढी कातडी उघडी पडते, तिच्यावर बारीक लाल ठिपके येतात, आणि एकदा रक्ताचा थेंब दिसला की तोवर त्या भानगडीत नसलेल्या कोंबड्याही तिकडे वळतात. कोंबडीला रंग चांगले ओळखता येतात आणि लाल ठिपका दिसला की चोच मारून पाहणे हा तिचा स्वभावच आहे. जिला मार बसतो ती दिवसाउजेडी दांडीवर चढून किंवा कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, दाणा टाकल्यावर सगळ्यांत शेवटी येते, आणि मागून कोणी जवळ आले की शेपूट आत घेऊन पळते.

जखम नेमकी कोठे आहे, यावरून कारणाचा निम्मा उलगडा होतो. शेपटीच्या मुळाशी, तेलग्रंथीच्या आसपास जखम असेल तर पिसे उपटून खाण्याची सवय, प्रथिनांची कमतरता किंवा उवा-गोचिडांचा त्रास यांचा संशय घ्यावा. गुदद्वाराभोवती जखम असेल तर ती बहुधा अंडे घालतानाची असते. अंडे बाहेर पडल्यावर आतला ओला लाल भाग क्षणभर बाहेर दिसतो आणि शेजारची कोंबडी त्यावर टोच मारते. कमी वयात अंड्यावर आलेल्या तलंगांत आणि फार मोठे अंडे घालणाऱ्या कोंबड्यांत हा भाग लवकर आत जात नाही, म्हणून त्यांना धोका अधिक. पाठीवर दोन्ही बाजूंना लांबट ओरखडे किंवा चिरा असतील तर त्या जोड लागताना पाठीवर चढणाऱ्या नर कोंबड्याच्या नख्यांच्या किंवा पायामागच्या काट्याच्या असतात. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि डोक्यावरच्या जखमा भांडणाच्या असतात, विशेषतः कळपात नवी कोंबडी सोडल्यानंतरच्या आठवड्यात. लहान पिल्लांत बोटे टोचलेली आढळली तर भूक, अपुरी भांडी आणि झगझगीत उजेड ही कारणे आधी तपासावीत.

काही गोष्टी टोचाटोचीसारख्या दिसतात, पण तशा नसतात. नैसर्गिक पिसझडीत कातडी अखंड असते, रक्त नसते आणि नव्या पिसांच्या कोवळ्या नळ्या सगळीकडे डोकावत असतात. देवीच्या आजारात तुऱ्यावर, गलोलीवर आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारखे काळपट खवले येतात. त्यांना टोचल्याच्या खपल्या समजून ओरबाडून काढल्यास रोग पसरतो. रात्रीतून पायांची बोटे कुरतडलेली दिसली तर उंदीर शोधावा. खोल, लहान तोंडाची भोके असतील तर ती मांजर किंवा मुंगसाच्या दातांची समजावीत आणि घरचा उपचार तेथेच थांबवावा, कारण त्या दातांबरोबर आत गेलेले जंतू वरून धुऊन निघत नाहीत.

पहिला अर्धा तास

कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. डालगे पालथे घालून त्याखाली, किंवा हवा खेळती राहील अशा मोठ्या खोक्यात तळाशी स्वच्छ कापड अंथरून ठेवावी. तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरू नये, कारण त्याचे कण ओल्या जखमेला चिकटतात. वेगळी केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. जखमेवर औषध लावून तिला तशीच परत सोडली तर इतर कोंबड्या औषधासकट खपली उपटून काढतात.

धरताना जुन्या टॉवेलमध्ये दोन्ही पंख अंगाला चिकटवून गुंडाळावे आणि डोक्यावर टॉवेलची कड अलगद ओढावी. अंधार झाला की बहुतेक कोंबड्या शांत होतात. छाती मात्र कधीही आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यांचा श्वास छातीच्या हाडाच्या वरखाली हालचालीवर चालतो, आणि घट्ट दाबून धरलेली कोंबडी काही मिनिटांत गुदमरू शकते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून 5 ते 10 मिनिटे सलग दाब द्यावा, मधे उचलून पाहू नये. 2 किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगात एकूण रक्त साधारण 150 मिली असते, त्यामुळे आपल्याला थोडे वाटणारे रक्तही तिच्या दृष्टीने मोठे असते. तुऱ्यातून रक्त फार येते, पण दाबाने ते बहुधा थांबते. तुऱ्याच्या किंवा तुटलेल्या नखाच्या अशा वरवरच्या रक्तस्रावावर हळद किंवा मक्याचे पीठ दाबून लावणे चालते. खोल जखमेत मात्र हळद भरू नये. तिचा लगदा होतो, आतली घाण झाकली जाते, आणि दुसऱ्या दिवशी जखम बरी होते आहे की सडते आहे ते ओळखता येत नाही.

रक्त थांबल्यावर वाटीत पाणी ठेवावे, त्यात पहिल्या दिवशी थोडा गूळ किंवा ओआरएस घातले तरी चालेल. ते तिचे तिला पिऊ द्यावे. चोच उघडून घशात पाणी ओतण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते आणि पाणी सरळ फुप्फुसात उतरू शकते.

जखम धुणे

जखमेभोवतीची पिसे बोटभर अंतरापर्यंत कात्रीने आखूड करावीत, उपटू नयेत. नवी फुटणारी, निळसर-काळपट नळी असलेली पिसे कापू नयेत. त्यांच्यात रक्त खेळत असते आणि कापल्यास ती बराच वेळ वाहतात. पिसे कापण्याचे कारण साधे आहे: ओले पीस जखमेत चिकटते, त्याच्या बुडाशी विष्ठा अडकते, आणि वरून स्वच्छ दिसणारी जखम आतून चिघळते. कापल्यावर बहुतेक वेळा जखम वाटली होती त्यापेक्षा मोठी निघते. कोंबडीची कातडी पातळ आणि सैल असते, तिच्याखाली पिशवीसारखी पोकळी तयार होते, म्हणून कडा हळूच उचलून खाली पाहणे आवश्यक आहे.

धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची बाटली उत्तम. ती नसेल तर 1 लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि कोमट होऊ द्यावे. 20 मिलीच्या सिरिंजची सुई काढून टाकून तिने पाण्याची धार जखमेवर तिरकी सोडावी आणि बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत धूत राहावे. सगळ्या उपचारात माझा सर्वाधिक भरवसा या एका कृतीवर आहे. महागडे मलम लावून धुणे उरकून टाकण्यापेक्षा नीट धुऊन साधे मलम लावलेले केव्हाही चांगले. कापसाने चोळू नये, त्याचे धागे मागे राहतात.

त्यानंतर 5 टक्के पोव्हिडोन आयोडीनचे 10 मिली द्रावण 100 मिली पाण्यात मिसळून, त्यात भिजवलेली गॉज जखमेवर टेकवावी. मूळ तीव्रतेचे द्रावण रोज ओतल्यास नव्याने धरणारे मांसही मरते. शेवटी साध्या जंतुनाशक मलमाचा पातळ थर द्यावा. जाड थराने पिसे माखतात आणि कोंबडी ती साफ करताना मलम गिळते.

काय लावू नये याची यादी काय लावावे यापेक्षा लांब आहे. डेटॉल पाणी न मिसळता लावणे, फिनाइल, रॉकेल, तंबाखू-चुना, शेण, रस्त्यावरची माती हे सर्व वर्ज्य. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ होते असे वाटते, पण तो पुन्हा पुन्हा वापरल्याने भरणारी जखम मागे जाते. जांभळे जेंशन व्हायोलेट लाल रंग झाकते म्हणून वापरले जाते. परंतु अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्याच्या वापराला काही देशांत मनाई आहे, आणि ज्या कोंबडीची अंडी घरातली मुले खाणार तिच्यावर मी ते वापरत नाही. गुंगी आणणारी, म्हणजे ज्यांच्या घटकांत लिग्नोकेन किंवा बेंझोकेन लिहिलेले असते अशी माणसांची मलमेही लावू नयेत, कारण पक्ष्याला त्यांची मात्रा फार लवकर जास्त होते.

आणि वेदनाशामक गोळी देऊ नये. डायक्लोफेनॅक तर कोणत्याही रूपात नको, ना गोळी ना जेल. या औषधाने पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडांच्या मृत्यूंनंतर 2006 साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली ती याच कारणाने. घरातल्या औषधांच्या डब्यात ते बहुधा असतेच, म्हणून हे ठळकपणे सांगत आहे.

भरणारी जखम कशी दिसते

पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा आणि नंतर एकदा जखम पाहावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भोवतालची कातडी हिरवी दिसू लागली की पुष्कळ जण घाबरतात आणि जखम सडली असे समजतात. मुका मार लागल्यावर आपली त्वचा काळीनिळी पडते, पक्ष्यांच्या शरीरात मात्र साकळलेल्या रक्ताचे रूपांतर हिरव्या रंगद्रव्यावर थांबते, त्यामुळे त्यांचा मुका मार हिरवाच दिसतो. दुर्गंधी नसेल, कातडी उबदार आणि मऊ असेल तर हा हिरवा रंग काही दिवसांत आपोआप ओसरतो. काळी, थंड, चामड्यासारखी कडक झालेली आणि वास येणारी कातडी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे.

पू ओळखण्यातही गफलत होते. कोंबडीचा पू वाहता नसतो. तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट आणि पिवळट असतो व जखमेच्या तळाशी चिकटून बसतो. असा पातळ थर धुताना सुटून येत असेल तर येऊ द्यावा, पण टोकदार वस्तूने खरवडू नये. लहान जखम 7 ते 10 दिवसांत कोरडी होते. तळहाताच्या निम्म्याएवढी जखम भरायला 3 ते 4 आठवडेही लागतात, आणि कोंबडी खात-पीत असेल तर एवढी मोठी जखमही बहुधा टाके न घालता तळापासून भरत येते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माशा हा खरा शत्रू. माशीने घातलेल्या अंड्यांतून अळ्या एका दिवसाच्या आत बाहेर पडू शकतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड टाकावे आणि गुदद्वाराजवळच्या जखमेकडे दिवसातून दोनदा बारकाईने पाहावे. पांढरे बारीक दाणे पिसांच्या मुळाशी चिकटलेले दिसले तर ती अंडीच समजून ती पिसे कापून टाकावीत. अळ्या मोजक्या आणि वरवर असतील तर चिमट्याने काढून सलाइनने धुणे शक्य असते. गुरांच्या जखमेतील किड्यांवर वापरले जाणारे टर्पेंटाइन कोंबडीच्या पातळ कातडीला भाजते, आणि सीताफळाच्या बियांची पूड तिच्या किंवा आपल्या डोळ्यांत गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून हे दोन्ही टाळावे. मुंग्याही कमी त्रास देत नाहीत. खोके चार विटांवर ठेवून प्रत्येक विटेखाली पाण्याची थाळी ठेवली की त्या वर चढत नाहीत.

कारणाच्या तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडे

पहिली तपासणी फुकट आहे: दाणा टाकताना आणि संध्याकाळी दांडीवर जागा धरताना, अशा दोन वेळा खुराड्याजवळ शांत बसून पाहावे. टोचणारी कोंबडी बहुतेक वेळा एक किंवा दोनच असतात, आणि त्या कळपातल्या सगळ्यांत दांडग्या असतीलच असे नाही. भांडण आणि पिसे उपटणे यांतला फरकही येथेच कळतो. भांडणात चोच समोरून, डोक्यावर पडते आणि हरलेली बाजूला झाली की ते थांबते. पिसे उपटणारी कोंबडी मागून, गुपचूप येते आणि उपटलेले पीस खाते. भांडण जागा वाढवल्याने मिटते, पिसे खाण्याची सवय मात्र खाद्य सुधारल्याशिवाय आणि ती कोंबडी वेगळी केल्याशिवाय सुटत नाही.

दुसरी तपासणी रात्री टॉर्च घेऊन करावी. कोंबड्या बसल्यावर गुदद्वाराजवळची आणि पंखाखालची पिसे फुंकर मारून दूर करावीत. पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके म्हणजे लिखा, आणि पळणारे पिवळसर किडे म्हणजे उवा. त्यानंतर दांडीच्या खालच्या बाजूवरून आणि फळ्यांच्या फटींवरून पांढरे कापड फिरवावे. कापडावर लाल-तपकिरी फराटे उमटले तर रक्त पिणाऱ्या लाल कोळीकिडीची वस्ती तेथे आहे. ही कीड दिवसा फटींत लपते आणि रात्री कोंबडीवर चढते, म्हणून दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ती सापडत नाही. खाजेने हैराण झालेली कोंबडी स्वतःची पिसे ओरबाडते, रक्त निघते, आणि तेथून टोचाटोची सुरू होते.

कीड आढळल्यास खुराडे रिकामे करून फटी खरवडाव्यात, उकळते पाणी ओतावे, उन्हात वाळवावे आणि चुना लावावा. आठवड्याने हे सर्व पुन्हा करावे, कारण अंड्यांतून नवी पिढी तोवर बाहेर आलेली असते. धूळस्नानासाठी पाटीत कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख मिसळून ठेवावी. गुरांच्या गोचिडांवरचे रासायनिक फवारे पशुवैद्यकाने मात्रा सांगितल्याशिवाय वापरू नयेत, आणि उघड्या जखमेवर तर अजिबात नाही.

मग जागा आणि भांडी. दाण्याचे भांडे एकच असेल तर दांडगी कोंबडी ते अडवून धरते. दुसरे भांडे पहिल्यापासून दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवल्याने टोचणे लक्षात येण्याइतके कमी होते. प्रत्येक कोंबडीला भांड्याच्या कडेवर सुमारे 10 सेंटिमीटर जागा मिळावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये का वाढतो, याचे उत्तरही येथेच आहे. पाऊस लागून राहिला की दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या जातात, उकरायला काही राहत नाही, वाळवी-गांडुळे-नाकतोडे मिळणे बंद होते, आणि थोड्याच दिवसांत पिसझड सुरू होऊन रक्ताने भरलेल्या कोवळ्या नळ्या सगळ्यांच्या अंगावर दिसू लागतात. या दिवसांसाठी पडवीत किंवा प्लास्टिकच्या छपराखाली कोरड्या पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात मूठभर दाणे विखरावेत, आणि मेथी, शेवगा किंवा कोबीचा पाला कोंबडीला मान उंच करावी लागेल इतक्या उंचीवर टांगावा. चोचीला दिवसभर काम मिळाले की ती दुसरीच्या शेपटीकडे कमी वळते.

उजेड आणि उष्णतेची तपासणी मी यानंतर करते. खुराड्यात उघडा, झगझगीत बल्ब असेल तर तो काढावा किंवा झाकावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचे खुराडे दुपारी भट्टी होते. छपरावर ओली गोणपाटे आणि दोन ठिकाणी थंड पाणी ठेवावे. अंडी घालण्याची जागा अंधारी असावी. साध्या खोक्यापुढे गोणपाटाचा पडदा सोडला तरी गुदद्वारावर टोच बसण्याचे प्रमाण कमी होते, कारण बाहेर आलेला लाल भाग दुसरीला दिसतच नाही.

खाद्य ही थोडी खर्चाची, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा फळ देणारी तपासणी. पीस जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असते. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने हवीत, आणि आपण घालतो त्या तांदळाच्या कणीत, ज्वारीत, बाजरीत ती साधारण 7 ते 11 टक्केच असतात. बाहेर हिंडताना किडे खाऊन ती उणीव भरून निघते, कोंडल्यावर निघत नाही. तयार लेअर खाद्य आणावे, किंवा घरच्या तीन वाट्या भरड धान्याला एक वाटी सोयाबीन पेंड मिसळावी, म्हणजे मिश्रण गरजेच्या आसपास पोहोचते. किनारपट्टीवर सुकट थोड्या प्रमाणात चांगली, मात्र खारवलेली असेल तर धुऊन घ्यावी. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात बुरशी धरते आणि ती बुरशी कोंबडीचे यकृत बिघडवते, म्हणून कुबट वास येणारी पेंड फेकून द्यावी. मिठाची कमतरता हेही टोचण्याचे एक कारण आहे. निव्वळ धान्यावर असलेल्या कळपाला किलोमागे 3 ते 5 ग्रॅम मीठ पुरते. तयार खाद्य चालू असेल तर वेगळे मीठ घालू नये, कारण जास्त मिठाची विषबाधा होते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा.

कोंबड्याच्या नख्यांच्या जखमा असतील तर कळपाचे गणित पाहावे. एका कोंबड्यामागे 8 ते 10 कोंबड्या असाव्यात. तीन-चारच असतील तर त्यांची पाठ कधी भरत नाही. कोंबडा काही आठवडे वेगळा ठेवावा. जाड कापडाचे पाठझाकण शिवून पंखांच्या मुळाशी पट्ट्या अडकवणे हा उपायही चांगला आहे, फक्त त्याखाली उवा वाढत नाहीत ना हे दर दोन दिवसांनी पाहावे.

एवढे करूनही एकच कोंबडी टोचत राहिली तर तिलाच 3-4 दिवस इतरांना दिसणार नाही अशा जागी काढावे. परतल्यावर तिला आपला क्रम नव्याने मिळवावा लागतो आणि पुष्कळदा तिचा जोर कमी होतो. चोच कापण्याचा सल्ला गावात सर्रास मिळतो. चोचीच्या आत नसा आणि रक्तवाहिन्या असतात, घरच्या ब्लेडने ती कापणे क्रूर आहे आणि खाण्याची क्षमता कायमची बिघडवू शकते, म्हणून ते कोणीही घरी करू नये.

कळपात परत सोडणे

जखम पूर्ण कोरडी होऊन लाल रंग गेल्याखेरीज कोंबडी परत सोडू नये. शक्य असेल तर पिसांचे खुंट दिसेपर्यंत थांबावे. फार दिवस नजरेआड ठेवल्यास कळप तिला नवखी समजतो, म्हणून रक्त थांबल्यापासूनच तिचे खोके जाळीच्या पलीकडे, एकमेकींना दिसेल पण चोच पोहोचणार नाही असे ठेवावे. सोडताना दिवस मावळल्यावर दांडीवर बसवावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कोंबड्या उतरण्याआधी, तेथे हजर राहावे. सकाळचा पहिला तास सुरळीत गेला तर बहुधा पुढचेही सुरळीत जाते.

कोठे थांबावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे

15 ते 20 मिनिटे दाब देऊनही रक्त थांबत नसेल, जखमेतून हाड, स्नायूचा खोल थर किंवा आतडे दिसत असेल, कातडीखाली बोट दाबल्यावर हवेचे बुडबुडे फुटल्यासारखे जाणवत असेल, डोळ्याला इजा असेल, मांजर-कुत्रा-मुंगसाचा चावा असेल, अळ्या खोलवर गेलेल्या असतील, किंवा कोंबडीने 24 तासांत काहीही खाल्ले नसेल, तर घरी आणखी प्रयोग करू नयेत. गुदद्वारातून बाहेर आलेला भाग सलाइनने धुऊन, स्वच्छ ओल्या बोटाने हळूच आत सारून तासाभरात पुन्हा बाहेर आला तर तोही पशुवैद्यकाचाच विषय आहे. टाके घालायचे असतील तर ते जखम ताजी असतानाच उपयोगी पडतात, त्यामुळे उद्या पाहू असे म्हणू नये. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ती दिल्यास अंडी किती दिवस खायची नाहीत, हे औषध देतानाच विचारून घ्यावे.

एकाच वेळी अनेक कोंबड्यांचे तुरे निळे-काळे पडले, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली किंवा अचानक मरतूक सुरू झाली तर ती जखमेची बाब राहिलेली नसते. राणीखेत किंवा बर्ड फ्लूची शक्यता धरून मेलेल्या कोंबड्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता.

मदतीसाठी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. ती जवळ असतील तर तेथील चिकित्सालयात पक्षी तपासणारा डॉक्टर मिळण्याची शक्यता अधिक. नेताना कोंबडी भोके पाडलेल्या खोक्यात न्यावी, पहिल्या दिवसापासूनचे जखमेचे फोटो, लावलेल्या प्रत्येक औषधाची वेष्टने आणि चालू खाद्याचा नमुना बरोबर घ्यावा, आणि कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण औषधाची निवड त्यावर ठरते.